नोटेवर नसलेली भाषा
(ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दुहेरी राज्याची कथा)



ऑक्टोबर महिना आपण पवित्र रोजरीच्या भक्तीत घालवतो. याच महिन्यात, २१ तारखेला, ऑस्ट्रियाचे धन्यवादित कार्ल यांचा स्मरणदिन येतो. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. धन्यवादितांच्या यादीत धर्मगुरू, धर्मभगिनी, रक्तसाक्षी असे पुष्कळ सापडतात. विसाव्या शतकातला सम्राट मात्र विरळाच. या सम्राटाविषयी वाचताना मी त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांच्या राज्यातच जास्त गुंतून पडलो. दहा-बारा भाषा बोलणारे ते राज्य, बहुसंख्य प्रजा आपल्याच कॅथोलिक श्रद्धेची, आणि तरीही ते भाषेच्या प्रश्नावर मोडकळीस आले. ते कसे, हे आज पाहू या.

आधी खिशातली एखादी नोट काढून हातात घ्या. मागच्या बाजूला एका उभ्या पट्टीत पंधरा भाषांत तिची किंमत लिहिलेली दिसेल. मराठी आहे, कोकणी आहे, गुजराती आहे. आपली भाषा तिथे आहे याचे आपल्याला काही वाटत नाही, कारण ती तिथे आहे. १९०० सालानंतरच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या क्रोन नोटांवरही असेच काहीसे होते. एका बाजूला मोठ्या अक्षरांत जर्मन, आणि बारीक अक्षरांत आणखी आठ भाषा: चेक, पोलिश, युक्रेनियन, इटालियन, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन आणि रोमानियन. नोट उलटली की दुसरी बाजू पूर्णपणे हंगेरियन. तिथे दुसऱ्या कुठल्याही भाषेला जागा नाही.

नोटेच्या या दोन बाजू म्हणजेच त्या राज्याची घटना म्हणायला हरकत नाही.

हे राज्य हाब्सबुर्ग घराण्याचे. शतकानुशतके लग्नसंबंध, वारसाहक्क आणि लढाया यांतून जमा झालेले प्रांत एका राजाच्या छत्राखाली आले होते. जुलै १८६६ मध्ये प्रशियाने ऑस्ट्रियाचा सडकून पराभव केला. खजिना रिकामा, अब्रू गेलेली. अशा वेळी सम्राट फ्रान्झ योसेफ यांना हंगेरियन सरदारांशी समेट करणे भाग पडले. फेरेंक देआक आणि काउंट ग्युला आंद्राशी या नेत्यांनी पुष्कळ शहाणपणाने बोलणी केली आणि १८६७ मध्ये तो प्रसिद्ध करार झाला. ८ जून १८६७ रोजी बुडा येथे फ्रान्झ योसेफ यांचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला. तेव्हापासून एकच माणूस व्हिएन्नात सम्राट आणि बुडापेस्टमध्ये राजा. दोन संसदा, दोन पंतप्रधान, दोन कायदे. परराष्ट्र व्यवहार, सैन्य आणि त्या दोहोंचा खर्च एवढे सामाईक. खर्चाची वाटणी दर दहा वर्षांनी नव्याने ठरवायची, म्हणजे दर दहा वर्षांनी भांडण ठरलेलेच.

करारात एक मोठी गोम होती. घराचे मालक दोनच ठरले, पण घरात राहणारे पुष्कळ होते. १९१० च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर भरली. त्यांत जर्मन भाषिक सुमारे एक कोटी वीस लाख आणि हंगेरियन एक कोटी. म्हणजे दोघे मिळून निम्म्यापेक्षाही कमी! उरलेले चेक, पोल, युक्रेनियन, रोमानियन, क्रोट, सर्ब, स्लोव्हाक, स्लोव्हेन आणि इटालियन हे भाडेकरू. काही भाडेकरूंना मालकांनी चांगले वागवले, काहींना नाही.

तरीही हे राज्य ५१ वर्षे टिकले, आणि केवळ बंदुकीच्या धाकाने टिकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रियाच्या अर्ध्या भागात २१ डिसेंबर १८६७ च्या मूलभूत कायद्यातील १९ व्या कलमाने सर्व जमातींना आणि त्यांच्या भाषांना शाळा, कचेरी आणि सार्वजनिक जीवनात समान हक्क दिला. त्या काळच्या युरोपात ही लहान गोष्ट नव्हती. सैन्यात हुकूम जर्मन भाषेत असत, पण असे हुकुमाचे शब्द जेमतेम ऐंशी. बाकी सगळे शिक्षण शिपायांच्या स्वतःच्या भाषेत होई आणि अधिकाऱ्याला आपल्या पलटणीची भाषा शिकावी लागे. गावच्या पोरासाठी साहेबाने भाषा शिकावी, हा नियम मला फार आवडतो.

भाषांच्या पलीकडे लोकांना बांधणारे होते ते सम्राट आणि ख्रिस्तसभा. रोमन आणि ग्रीक कॅथोलिक मिळून प्रजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आपल्या श्रद्धेचा होता. दरवर्षी पवित्र गुरुवारी सम्राट राजवाड्यात बारा गरीब वृद्धांचे पाय धूत असत. ख्रिस्तशरीराच्या सणाला व्हिएन्नाच्या रस्त्यांतून पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघे, तेव्हा सम्राट त्यामागे पायी चालत. सप्टेंबर १९१२ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि ८२ वर्षांचे फ्रान्झ योसेफ तिच्यात सहभागी झाले. (१९६४ साली अशीच परिषद मुंबईत भरली होती आणि पोप सहावे पॉल आले होते. ती पाहिलेले आजी-आजोबा अजूनही काही घरांत आहेत.)

पण सम्राट ख्रिस्तसभेच्या मिरवणुकीत चालतो, तेव्हा ख्रिस्तसभाही कधी कधी सम्राटाच्या मिरवणुकीत चालू लागते. १९०३ चे उदाहरण घ्या. पोप तेरावे लिओ वारले. नवीन पोप निवडण्यासाठी कार्डिनल जमले. कार्डिनल रांपोला यांना बरीच मते पडत होती. तेवढ्यात क्राकोवचे कार्डिनल पुझिना उभे राहिले आणि सम्राट फ्रान्झ योसेफ यांच्या वतीने त्यांनी रांपोला यांच्या नावाला नकार कळवला. कॅथोलिक राजांचा हा जुना तथाकथित नकाराधिकार. अखेर निवड झाली ती व्हेनिसच्या कार्डिनल सार्तो यांची, म्हणजे संत दहावे पायस यांची. त्यांचा स्वतःचा जन्म १८३५ मध्ये ऑस्ट्रियाच्याच अंमलाखालील मुलखात झाला होता. पण पोप झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच, जानेवारी १९०४ मध्ये, त्यांनी हा अधिकार कायमचा रद्द केला आणि यापुढे असा निरोप आणणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा ठरवून दिली. ज्या राजाच्या नकारामुळे त्यांची वाट मोकळी झाली होती, त्याच राजाच्या हातातला अधिकार त्यांनी काढून घेतला!

आता नोट उलटू या.

हंगेरीत १८४० च्या दशकापर्यंत संसदेची आणि कायद्याची भाषा लॅटिन होती, हे वाचून आश्चर्य वाटेल. लॅटिन कुणाचीच मातृभाषा नसल्यामुळे ती कुणाची मालकीणही नव्हती. हंगेरियन सरदार, क्रोएशियन वकील आणि स्लोव्हाक धर्मगुरू यांना ती सारखीच कष्टाने शिकावी लागे. आपल्या वसईतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. घरी सामवेदी बोला, वाडवळी बोला किंवा कोकणी बोला, वेदीवरची भाषा सगळ्यांना सारखीच अनोळखी. ती समजत नव्हती हे नुकसान फार मोठे होते, पण त्या नुकसानीत समानता होती. १७८४ मध्ये सम्राट दुसरे योसेफ यांनी लॅटिनच्या जागी जर्मन लादायचा प्रयत्न केला आणि हंगेरियन लोक खवळले. स्वतःच्या भाषेचा अभिमान त्यांच्यात त्यातूनच पेटला. १८४४ मध्ये हंगेरियन ही राज्यभाषा झाली. इथवर आपली सहानुभूती त्यांच्याकडेच जाते. पण ज्यांच्यावर जर्मन लादली गेली होती, त्यांनी पुढे काय केले?

१८६८ च्या कायद्याने हंगेरीत ‘राजकीयदृष्ट्या एकच राष्ट्र’ मानले गेले. इतर भाषांना स्थानिक कारभारात, शाळेत आणि चर्चमध्ये वापराची मुभा कागदावर होती. व्यवहारात ती आटत गेली. १८७४-७५ मध्ये स्लोव्हाक भाषेतील तिन्ही माध्यमिक शाळा बंद केल्या गेल्या. ‘मातित्सा स्लोव्हेन्स्का’ ही त्यांची साहित्यसंस्थाही १८७५ मध्ये सरकारने बंद केली. १९०७ च्या आप्पोनी कायद्याने चर्चच्या प्राथमिक शाळांनाही अट घातली की चौथ्या वर्षाअखेर मुलाला हंगेरियन बोलता-लिहिता आले पाहिजे. मतदानाचा हक्क लोकसंख्येच्या सहा-सात टक्क्यांनाच. क्रोएशिया वगळता हंगेरीत जवळजवळ निम्मे लोक बिगर-हंगेरियन असूनही १९१० च्या निवडणुकीत त्यांचे संसदेत पोहोचलेले प्रतिनिधी चारशेंहून अधिक जागांत फक्त आठ.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला एक भेद पुन्हा पुन्हा शिकवला जाई: एकता वेगळी आणि एकरूपता वेगळी. एका देहात डोळा आणि हात दोन्ही असतात, हे संत पॉलने सांगून ठेवले आहे. बुडापेस्टच्या राज्यकर्त्यांना खरोखर वाटत होते की डोळ्याला हात करणे हीच एकता. त्यांत दुष्ट माणसे थोडीच होती. पुष्कळसे सुशिक्षित, धार्मिक, रविवारी मिस्साला जाणारे होते. आप्पोनी स्वतः निष्ठावान कॅथोलिक!

आता त्या स्लोव्हाक मुलखातल्या एका गावाकडे वळू. स्लोव्हाक भाषा नोटेच्या कुठल्याच बाजूला नव्हती.

रुझोंबेरोक शहराजवळ चेर्नोवा नावाचे लहान खेडे आहे. गावकरी कष्टकरी, गरीब, भाविक. गावाला स्वतःचे चर्च नव्हते. फादर आंद्रेई हलिंका हे याच गावचे पुत्र आणि रुझोंबेरोकचे प्रमुख धर्मगुरू. त्यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी पै-पैसा जमवून चर्च बांधायला घेतले. इमारत उभी राहिली. दरम्यान १९०६ च्या निवडणुकीत फादर हलिंकांनी स्लोव्हाक उमेदवाराचा उघड प्रचार केला. त्यांचे बिशप शांडोर पार्वी हंगेरियन होते. हंगेरीत बिशपांची नावे सुचवण्याचा अधिकार राजाकडे, म्हणजे व्यवहारात सरकारकडे असे. बिशपांनी फादर हलिंकांना सेवेतून निलंबित केले आणि सरकारने चिथावणीच्या आरोपाखाली खटला भरून त्यांना दोन वर्षांची शिक्षा ठोठावली.

चर्च तयार झाले, पण आशीर्वादविधी कुणी करायचा? गावकऱ्यांची मागणी एकच होती: आमच्या फादरांनी करावा, आणि ते शक्य नसेल तर तोवर थांबावे. बिशपांनी नकार दिला आणि दुसऱ्या धर्मगुरूंना पाठवायचे ठरवले. रविवार, २७ ऑक्टोबर १९०७. धर्मगुरूंच्या गाड्या सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात गावाच्या वाटेला लागल्या. लोकांनी रस्ता अडवला. परत जा, अशी आरडाओरड, ढकलाढकली झाली. पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा जण मृत्युमुखी पडले. चर्चच्या आशीर्वादाच्या दिवशी पंधरा शवपेट्या! फादर हलिंका त्या दिवशी गावात नव्हते, ते मोराव्हियात होते.

पुढे खटला उभा राहिला तो गोळ्या झाडणाऱ्यांवर नव्हे, तर गावकऱ्यांवर, आणि अनेकांना तुरुंगात जावे लागले. बातमी युरोपभर गेली. नॉर्वेचे नोबेल विजेते लेखक ब्यॉर्नसन आणि इंग्रज इतिहासकार सेटन-वॉटसन यांनी हंगेरीच्या धोरणावर कडाडून टीका केली. फादर हलिंकांनी रोमकडे दाद मागितली होती. १९०९ मध्ये रोमने त्यांच्यावरील निलंबन उठवले. तुरुंगात असताना त्यांनी जुन्या कराराच्या स्लोव्हाक भाषांतराचे काम केले.

धर्मगुरू या नात्याने ही घटना मला अस्वस्थ करते, आणि ती दोन्ही बाजूंनी. आशीर्वादविधी कुणी करायचा हे ठरवण्याचा अधिकार बिशपांचाच असतो. तो लोकांच्या मागणीवर चालत नाही, आणि चालू नये. आपल्या आवडीचे फादर मिळाले नाहीत म्हणून रस्ता अडवणे मी कुणालाही शिकवणार नाही. पण ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण बिशपांनाही लागू होते. काही महिने थांबले असते तर काय बिघडले असते? अधिकार होता म्हणून तो वापरलाच पाहिजे असे नव्हते. शिवाय तो अधिकार चालवण्यासाठी सरकारी बंदुका बरोबर न्यायची वेळ आली, त्याच क्षणी काहीतरी फार चुकले आहे हे उमगायला हवे होते. मिस्साची भाषा, मिस्साची वेळ, धर्मशिक्षणाचे वर्ग मराठीत की इंग्रजीत, हे विषय आपल्याही धर्मग्रामात निघतात. बाहेरून आलेल्या कुटुंबांची हिंदीतील भक्ती हाही विषय निघतो. असे विषय निघाले की मला चेर्नोवाचा तो रस्ता आठवतो.

सगळे बिशप पार्वींसारखे होते असे समजू नका. क्रोएशियातील ज्याकोवोचे बिशप स्ट्रॉसमायर यांनी आपल्या धर्मप्रांताच्या उत्पन्नातून दक्षिणेकडील स्लाव लोकांसाठी विद्यासंस्था उभ्या केल्या. झाग्रेबची विज्ञान-कला अकादमी त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. राजदरबारी ते नकोसे झाले, लोकांना ते हवेसे राहिले.

ऑस्ट्रियाच्या भागातही सारे गोड नव्हते. १८९७ मध्ये पंतप्रधान बादेनी यांनी बोहेमिया आणि मोराव्हियातील सरकारी अधिकाऱ्यांना चेक आणि जर्मन दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत असा हुकूम काढला. चेक लोकांना बहुधा जर्मन येत असे, जर्मनांना मात्र चेक शिकणे कमीपणाचे वाटे. संसदेत आरडाओरड आणि मारामाऱ्या, रस्त्यांवर दंगली. नोव्हेंबरमध्ये बादेनींना जावे लागले आणि पुढे हुकूमही मागे घेण्यात आला. शेजाऱ्याची भाषा शिकण्यावरून सरकार पडले!

२८ जून १९१४ रोजी सारायेवो येथे राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली. (हेच राजपुत्र जानेवारी १८९३ मध्ये जगप्रवासात मुंबईला उतरले होते.) महायुद्ध पेटले. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी फ्रान्झ योसेफ वारले आणि २९ वर्षांचे कार्ल गादीवर आले. त्यांनी शांततेसाठी गुप्त बोलणी चालवली. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या १९१७ च्या शांतताआवाहनालाही त्यांनी अनुकूल प्रतिसाद दिला. प्रयत्न फसले. १६ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांनी ऑस्ट्रियाचा भाग प्रत्येक लोकसमूहाच्या स्वायत्त राज्यांचा संघ करण्याची घोषणा केली, पण हंगेरीला हात लावता आला नाही. नोट उलटायचे धाडस तेव्हाही झाले नाही, आणि तोवर वेळही निघून गेली होती. दोनेक आठवड्यांत राज्याचे तुकडे झाले.

तुकडे झाल्याने न्याय मिळाला का? १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला आणि सुमारे तीस लाख हंगेरियन लोक परक्या देशांत अल्पसंख्य झाले. आता त्यांच्या मुलांवर दुसऱ्यांच्या भाषा लादल्या जाऊ लागल्या. स्लोव्हाक लोकांचे प्रागशी पटेना. फादर हलिंकांनी स्वायत्ततेसाठी पक्ष चालवला. १९३८ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या पक्षाची सूत्रे फादर योझेफ तिसो यांच्याकडे गेली. १९३९ मध्ये हिटलरच्या छत्राखाली स्लोव्हाक राज्य निघाले, एक कॅथोलिक धर्मगुरू त्याचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि १९४२ मध्ये त्या राज्याने सुमारे ५८ हजार ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे धाडले. ज्यांच्यावर चेर्नोवात अन्याय झाला, त्यांच्याच नावाने हे घडले. हा भाग गाळून चेर्नोवाची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

कार्ल यांनी नोव्हेंबर १९१८ मध्ये राज्यकारभारातून अंग काढून घेतले, पण राजपदाचा त्याग केला नाही. १९२१ मध्ये हंगेरीची गादी परत मिळवण्याचे त्यांचे दोन प्रयत्न फसले आणि त्यांना पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पाठवण्यात आले. तिथे पैशांची चणचण, डोंगरावरचे दमट घर, न्यूमोनिया. १ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी ते वारले. मागे सात मुले आणि गरोदर राणी झिटा. त्यांना पुरले ते मोंते येथील चर्चमध्ये. चर्चचे नाव ‘नोसा सेन्योरा दो मोंते’, डोंगरावरची मरियामाता. वांद्र्याची आपली मोत माउली म्हणतात ना, तेच हे पोर्तुगीज ‘मोंते’.

३ ऑक्टोबर २००४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्ल यांना धन्यवादित घोषित केले. त्यावर टीकाही झाली. त्यांच्या सैन्याने १९१७ मध्ये इटलीच्या आघाडीवर विषारी वायूच्या साहाय्याने चढाई केली होती, याची अनेकांनी आठवण करून दिली. पोप महोदयांचे वडील, पोलिश भाषिक कॅथोलिक, याच राज्याच्या सैन्यात नोकरीला होते. स्मरणदिन म्हणून मृत्यूचा दिवस न निवडता २१ ऑक्टोबर, कार्ल आणि झिटा यांच्या १९११ मधील विवाहाचा दिवस निवडण्यात आला.

झिटा १९८९ पर्यंत जगल्या. व्हिएन्नात, कापुचिन मठाच्या तळघरातील हाब्सबुर्ग सम्राटांच्या दफनस्थानी त्यांना १ एप्रिल १९८९ रोजी, पतीच्या ६७ व्या स्मृतिदिनी पुरण्यात आले. कार्ल मात्र आजही मोंतेच्या चर्चमध्येच आहेत.